पंप, रोटाहेलर आणि स्पेसर: पैसे कशावर घालावेत?

दम्याची किंवा सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराची) चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलं की काउंटरवर दोन गोष्टी येतात, एक औषध आणि दुसरं ते ओढायचं साधन. औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, सगळं चिठ्ठीवर असतं. साधनाच्या बाबतीत मात्र "वापरता येतं ना?" एवढ्या प्रश्नावर भागतं, आणि गिऱ्हाईक मान डोलावून घरी जातं. महिन्याभराने तक्रार येते की पंपाने काही फरक पडत नाही. मग औषध बदलतं, ताकद वाढते, आणि ओढायची पद्धत आहे तशीच राहते. १९७५ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा इनहेलर बरोबर ओढणारे रुग्ण साधारण ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणाही दिसली नाही.

म्हणून हे परीक्षण औषधांचं नाही, साधनांचं आहे. सिप्ला या औषध कंपनीची साधनं आपल्याकडे बहुतेक मेडिकलमध्ये मिळतात, त्यामुळे उदाहरणं तिथली घेतली आहेत. दुसऱ्या कंपन्यांची साधनं थोड्याफार फरकाने याच तत्त्वावर चालतात. आमचा निकाल आधीच सांगतो: या सगळ्यांत पैशाला सर्वाधिक जागणारी वस्तू म्हणजे स्पेसर, पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायचा प्लास्टिकचा पोकळ डबा. त्यात औषधाचा कणही नसतो, म्हणून तो चिठ्ठीवर असला तरी बरेच जण "तो राहू द्या" म्हणतात.

साधा पंप

अस्थालिन किंवा फोराकॉर्ट यांसारख्या औषधांचा पंप म्हणजे दाबाखाली भरलेली धातूची डबी आणि तिला बसवलेला प्लास्टिकचा एल आकाराचा साचा. १९५६ साली अमेरिकेत असा पहिला पंप बाजारात आला. तेव्हापासून आतला वायू बदलला, पण वापरणाऱ्याची अडचण तीच राहिली: बोट दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमलं पाहिजे.

झाकण काढा, आत धूळ किंवा नाणं-बिणं गेलेलं नाही ना ते बघा. पंप खिशात किंवा पर्समध्ये उघडा टाकणाऱ्यांच्या बाबतीत हे खरोखर घडतं, आणि ती वस्तू फवाऱ्याबरोबर श्वासनळीत जाऊ शकते. पंप उभा धरून चार-पाच वेळा नीट हलवा. बहुतेक पंपांत औषध वायूत विरघळलेलं नसतं, तरंगत असतं. न हलवता दाबलात तर एका फवाऱ्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त औषध येतं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर पत्रकात लिहिलेत तितके फवारे आधी हवेत सोडा.

आता श्वास बाहेर टाका, आणि इथे घाई नको. श्वासनळ्या अरुंद झालेल्या माणसाला हवा आत घेण्यापेक्षा बाहेर टाकणं अवघड जातं. छातीत आधीचीच हवा कोंडलेली असते. ती न काढता पंप दाबला तर नवा श्वास वरच्या वर संपतो आणि औषध खोलवर जात नाही. ओठांचा चंबू करून, पाच-सहा सेकंद घेत, जमेल तेवढी हवा सोडा. खोकला येईल इतकं पिळून काढायची गरज नाही. मग दातांमध्ये माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचं टोक, धरून ओठ घट्ट मिटा, जीभ खाली ठेवा, श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच डबी एकदा दाबा. दाबल्यावरही श्वास थांबू देऊ नका, तीन ते पाच सेकंद हळूहळू आत ओढत राहा. पंप बाहेर काढा, तोंड मिटून मनात दहापर्यंत मोजा. तेवढं जमत नसेल तर पाच. औषधाचे बारीक कण नळ्यांच्या भिंतींवर बसायला हा वेळ लागतो. लगेच श्वास सोडला की त्यातले बरेचसे परत बाहेर येतात.

दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून, सगळं पहिल्यापासून. एकाच श्वासात दोनदा टकटक दाबणं म्हणजे औषध वाया घालवणं.

चुकतंय की नाही हे आरशासमोर कळतं. ओठांच्या कडेने किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर पडताना दिसला तर ते औषध छातीत गेलेलं नाही. फवारा लागताच गार झटका बसून श्वास अडकतो, हेही बऱ्याच जणांचं होतं; घसा दचकतो आणि आपोआप बंद होतो. पद्धत अचूक असली तरी साध्या पंपातून फुप्फुसांत साधारण १० ते २० टक्केच औषध पोचतं, बाकीचं तोंडात आणि घशात बसतं. त्यात हातांना संधिवात असेल, वय झालं असेल किंवा धाप लागली असेल तर ही सगळी कसरत कागदावरच राहते. साधं साधन म्हणून पंपाला आमचे मार्क बेताचेच.

डबीत औषध किती उरलंय, हा नेहमीचा घोळ. पाण्यात टाकून तरंगते का बघायची जुनी युक्ती सोडून द्या. औषधाचे मोजलेले फवारे संपल्यावरही डबीत वायू उरतो, आवाज येतो, गार लागतं, आणि माणूस नुसता वायू ओढत बसतो. आकडा दाखवणारी खिडकी असेल तर उत्तम, नसेल तर हिशोब करा. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळी दोन, रात्री दोन या हिशेबाने बरोबर ३० दिवस जातो. सुरू केल्याची तारीख मार्करने साच्यावर लिहा. (डबी वेगळी होते, पण साचा बरोबर राहतो. नवी डबी जुन्या साच्यात घालण्याचा मोह मात्र आवरा. फवाऱ्याचं भोक त्या-त्या औषधासाठी बनवलेलं असतं.) साचा आठवड्यातून एकदा, डबी काढून, कोमट पाण्याच्या धारेखाली धुवा आणि पूर्ण सुकू द्या. डबी भिजवायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ती अजिबात नको.

रोटाहेलर

रोटाहेलर म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासाने ओढायचं साधन. त्याला आपल्याकडे खूप चाहते आहेत, आणि ते उगाच नाहीत. तो स्वस्त, पारदर्शक आहे, हात आणि श्वासाचा मेळ घालायची कटकट नाही, आणि औषध ओढून झालं की नाही ते डोळ्यांना दिसतं. कॅप्सूल गेली म्हणजे डोस गेला, त्यामुळे घरच्यांनाही हिशोब ठेवता येतो.

रोटाहेलर उभा धरा. रोटाकॅपची, म्हणजे त्यात घालायच्या कॅप्सूलची, एक बाजू रंगीत आणि एक पारदर्शक असते. पारदर्शक बाजू खाली करून ती वरच्या चौकोनी भोकात घाला आणि तिचं टोक भोकाच्या काठाशी समपातळीत येईपर्यंत दाबा. अर्धवट वर राहिली तर पुढची पायरी फसते. आता एका हाताने माउथपीस पक्का धरून दुसऱ्या हाताने खालचा भाग अडेपर्यंत फिरवा. आतला दांडा कॅप्सूलचे दोन तुकडे वेगळे करतो आणि पूड खालच्या पोकळीत सांडते. कॅप्सूल उघडली की नाही ते बाहेरून दिसतं. न बघता ओढणारे बरेच जण बंद कॅप्सूलमधून नुसती हवा ओढतात.

फिरवल्यानंतर रोटाहेलर आडवा ठेवायचा. माउथपीस खाली झुकला तर पूड तुमच्या श्वासाआधीच बाहेर येईल. तोंड बाजूला करून श्वास सोडा, पण रोटाहेलरमध्ये चुकूनही नाही. श्वासातल्या वाफेने पूड तिथल्या तिथे ओली होऊन चिकटते. मग ओठ घट्ट मिटून, मान किंचित मागे करून, जोरात आणि खोल श्वास ओढा. जोर अगदी पहिल्या क्षणापासून हवा. दहापर्यंत श्वास धरा, मग नाकाने सोडा. खाली पूड दिसली तर त्याच कॅप्सूलसाठी पुन्हा एकदा ओढा.

पंप हळू आणि पूड जोरात, असं उलटसुलट का? फवाऱ्याला स्वतःचा वेग असतो. तुम्हीही जोर लावला तर कण घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात. पुडीला स्वतःचा काहीच वेग नसतो. तिच्या गाठी फोडून १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मोकळे करायचं काम तुमच्या श्वासाच्या झोताने करायचं असतं. रोजची रोटाकॅप आणि अडीअडचणीला पंप, अशी दोन साधनं ज्यांच्याकडे आहेत त्यांची इथेच गफलत होते: एकाची सवय दुसऱ्याला लागते. आमच्या मते शक्य असेल तिथे रोजचं औषध आणि तातडीचं औषध एकाच प्रकारच्या साधनात मागून घ्यावं. डॉक्टरांना तसं सांगायला काहीच हरकत नाही.

रोटाहेलरचा मोठा दोष याच जोरात आहे. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा विडी-सिगरेटमध्ये गेलेली फुप्फुसं, सत्तरीचं वय, त्यात सर्दी-तापाने दम वाढलेला. अशा माणसाला तो झोत जमत नाही, आणि औषधाची सर्वांत जास्त गरज नेमकी तेव्हाच असते. घरी बघायची सोपी खूण: दोनदा ओढूनही रोज पूड शिल्लक राहत असेल तर हे साधन त्या माणसाचं नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचंही नाही.

दुसरा दोष आपल्या हवेचा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पूड ओलावा धरते, कॅप्सूल लिबलिबीत होते आणि फुटायच्या ऐवजी दबते. बाटलीचं बूच प्रत्येक वेळी घट्ट लावा. आठवड्याच्या कॅप्सूल गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नका, आणि बाटली मोरीजवळ किंवा गॅसच्या ओट्यावर नको. रोटाहेलर आठवड्यातून एकदा पाण्याने धुवा, पण पुसून लगेच वापरू नका. आत थेंब राहिला तर पुढचा डोस त्यातच अडकतो. रात्रीचा डोस झाल्यावर धुवावा म्हणजे सकाळपर्यंत वाळतो. आतली जाळी तुटलेली नाही ना हे बघत जा, कारण कॅप्सूलचे तुकडे अडवायला तीच असते. साधारण सहा महिन्यांनी नवा घ्यावा.

एक गोष्ट विचित्र वाटेल, पण मेडिकलवाल्यांनी ती मोठ्याने सांगितली पाहिजे: रोटाकॅप गिळायची नसते. कॅप्सूल दिसली की पाण्याबरोबर घेणारे लोक आहेत, आणि ते "गोळी चालू आहे" असंच सांगतात.

रिव्होलायझर

हा रोटाहेलरचा सुधारलेला भाऊ. माउथपीस मागे उघडायचा, रोटाकॅप खोबणीत बसवायची, माउथपीस टक् आवाज होईपर्यंत बंद करायचा. बंद करतानाच आतल्या सुया कॅप्सूलला भोकं पाडतात, फिरवाफिरवी नाही. कॅप्सूलचे तुकडे वेगळे होत नसल्याने तुकडा तोंडात येण्याची भीती कमी, आणि कमी झोतातही पूड बऱ्यापैकी बाहेर येते. तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे देणं आम्हाला पटतं.

मुख्य दोष एकच, पण त्रासाचा: ओढून झाल्यावरही कॅप्सूल अख्खीच दिसते, त्यामुळे डोस झाला की नाही कळत नाही. प्रत्येक वेळी उघडून, पारदर्शक बाजूतून आत पूड उरली का ते बघा. उरली असेल तर पुन्हा बंद करून ओढा. बोटांत जोर नसलेल्यांना तो टक् आवाज येईपर्यंत दाबणं जड जातं. अर्धवट बंद झाला तर भोकंच पडत नाहीत.

स्पेसर

सिप्लाचा झीरोस्टॅट व्हीटी हा स्पेसर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे दोन भाग, खाचेत खाच बसवून जोडायचे. एका टोकाला पंप लागतो, दुसऱ्या टोकाला झडप असलेला माउथपीस. फवारा आधी या पोकळीत जातो, त्याचा वेग मरतो, जड कण भिंतीवर बसतात आणि बारीक कण तुमच्या श्वासाची वाट बघत तरंगत राहतात. साध्या पंपाची सगळ्यांत अवघड अट, ती बोट आणि श्वास एकत्र जमवण्याची, इथे सुटते. घशात बसणारं औषध खूप कमी होतं, त्यामुळे स्टेरॉइडच्या पंपाने आवाज बसणं आणि तोंडात पांढरी बुरशी येणं हेही कमी होतं.

पंप हलवून मागच्या भोकात बसवा, श्वास बाहेर सोडा, माउथपीस ओठांत धरा, एकदा दाबा आणि लगेच हळू खोल श्वास घेऊन दहापर्यंत धरा. धाप लागली असेल आणि एवढा मोठा श्वास जमत नसेल तर तोंड न काढता नेहमीसारखे पाच-सहा श्वास आत-बाहेर करा. झडप असल्यामुळे सोडलेला श्वास पोकळीतल्या औषधात मिसळत नाही. झडप नसलेला स्पेसर असेल तर मात्र दाबणं आणि ओढणं यांत वेळ जाता कामा नये.

इथे नेहमीच्या चुका दोन. पहिली, "मोठा डबा आहे, दोन-तीन फवारे मावतील" म्हणून एकदम दाबणं. कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि छातीत उलट कमी जातं. एका वेळी एकच फवारा. दुसरी चूक धुण्याची. प्लास्टिक कोरड्या कपड्याने घासलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि ती औषधाला भिंतीकडे खेचते. महिन्यातून एकदा भाग सुटे करून, कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब टाकून त्यात बुडवा, बाहेर काढा आणि निथळत ठेवून वाऱ्यावर वाळवा. पुसू नका. घासणी तर नकोच. भिंतीवर हलका पांढुरका थर राहिला तरी घाबरायचं कारण नाही, पण झडप वाकडी झाली, चिकटली किंवा फाटली तर स्पेसर बदलावाच लागेल.

लहान मुलांसाठी याला पर्याय नाही. तीन वर्षांपर्यंत स्पेसरला मास्क लावायचा. त्यानंतर मूल माउथपीस ओठांत नीट धरू लागलं की मास्क काढायचा. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, बारीक फट राहिली तरी औषध तिकडूनच जातं. रडणाऱ्या मुलाला दिलेला डोस बराचसा वाया जातो. मास्क आधी नुसताच खेळायला द्यावा, हे त्यामुळे लाड नव्हे, तंत्राचाच भाग आहे.

स्पेसरला नावं ठेवायची तर आकाराला ठेवावी लागतील. खिशात मावत नाही, ऑफिसात काढायला लोक लाजतात. त्याला उपाय सरळ आहे: सकाळ-रात्रीचे डोस घरी स्पेसरने घ्या, बाहेर पंप सोबत ठेवा. आणि स्पेसर हाताशी नसताना मुलाला दम लागलाच, तर ५०० मिलीची पाण्याची रिकामी बाटली कामाला येते. केप टाउनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तळाला भोक पाडून पंपाभोवती नीट सील केलेल्या अशा बाटलीने दम्याच्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच आराम पडला होता. सील न केलेली बाटली कमी पडली आणि स्पेसर म्हणून वापरलेला थर्माकोलचा कप सर्वांत निरुपयोगी ठरला.

बाकीचे

सिंक्रोब्रीद हा श्वास ओढताच स्वतः फवारा सोडणारा पंप. दाबायचं काही नाही, त्यामुळे संधिवाताच्या हातांना सोयीचा. श्वास हळू आणि खोलच हवा. त्याला स्पेसर लावता येत नाही, त्यामुळे मोठा ॲटॅक येणाऱ्याने केवळ त्याच्यावर विसंबू नये.

परदेशातल्या नातेवाइकाकडून टर्ब्युहेलर (आतच पूड भरलेलं, तळ फिरवून डोस काढायचं साधन) आला तर तो फिरवताना उभाच धरायचा. हलवल्यावर येणारा खुळखुळाट औषधाचा नसतो, आत ओलावा शोषणारी पूड असते. कित्येक जण तो रिकामा टर्ब्युहेलर "अजून वाजतोय" म्हणून वापरत राहतात.

घरी वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, घ्यायची हौस मात्र आम्हाला पटत नाही. सौम्य ते मध्यम ॲटॅकमध्ये पंप आणि स्पेसरने तेवढाच आराम पडतो, वेळ कमी लागतो आणि वीज गेली तरी अडत नाही. मशीनची नळी आणि कप रोज नीट धुऊन वाळवले नाहीत तर जंतू थेट छातीत जातात. ज्याला स्पेसरने जमतच नाही अशा थोड्यांसाठी ते ठेवावं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर.

स्टेरॉइड असलेलं कुठलंही औषध, मग ते पंपातून असो की कॅप्सूलमधून, घेतल्यावर खळखळून चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं. गिळायचं नाही. दात घासायच्या आधी डोस घेतला की हे आपोआप होतं.

खरेदी कशी करावी? हातात जोर असेल आणि जोरात श्वास ओढता येत असेल तर रोटाहेलरपेक्षा रिव्होलायझर घ्या. वय झालेलं, धाप जुनी, किंवा घरात लहान मूल असेल तर पंप आणि झडपेचा स्पेसर, बाकी काही बघू नका. स्पेसर काही शे रुपयांत येतो आणि नीट सांभाळला तर बरेच महिने टिकतो. विकत घेताना आपला पंप त्याच्या मागच्या भोकात घट्ट बसतो का ते दुकानातच लावून बघा, कारण प्रत्येक कंपनीच्या साच्याचा आकार सारखा नसतो. पुढच्या तपासणीला साधन सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा. तातडीच्या फवाऱ्यानंतरही आराम टिकत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पद्धत तपासत बसू नका. स्पेसरने फवारे चालू ठेवत रुग्णालय गाठा.